दहा दिवसांचं बाळ आणि मागे राहिलेली दोघं

आजचं बोलणं जरा जड आहे. ज्यांच्या घरात असं काही नुकतंच घडलंय आणि ज्यांना ऐकवणार नाही, त्यांनी थोडा वेळ रेडिओ बंद ठेवला तरी आम्हाला राग नाही. पुन्हा कधीतरी ऐका.

ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या गावात परत आल्या, तेव्हा आमच्या एका गटातली बाई रिकाम्या हातांनी परत आली. जाताना ती पोटुशी होती. फडावरच बाळंत झाली. बाळ बारशापर्यंतही पोचलं नाही. गटाच्या बैठकीला ती आली, बचतीचे शंभर रुपये भरले, वहीवर सही केली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. ती गेल्यावर बोलणं सुरू झालं. एक म्हणाली, "आता त्या दोघांचं काही खरं नाही. लेकरू गेलं की संसार मोडतो." दुसरी म्हणाली, "लवकर दुसरं होऊ दे, म्हणजे विसरेल." तिसरी म्हणाली, "सासू म्हणत होती, पोरीचा पायगुणच तसा." आम्ही रेडिओवाल्याही तिथे बसलेल्या होतो. आम्ही माना हलवल्या. खरं सांगायचं तर त्या माना हलवल्याची लाज वाटली, म्हणून हा कार्यक्रम करतोय.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे दोघांना मिळून. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एक जण बसला तर कोयता मोडतो, खाडा धरला जातो आणि अंगावर उचल फिटायची राहते. म्हणून त्या दोघांनी लेकराला पुरलं आणि दोन दिवसांनी पुन्हा फडात उतरले. दिवसभर हाताला हात लागेल एवढ्या अंतरावर काम करायचं, रात्री एकाच कोपीत झोपायचं आणि एकमेकांशी त्या लेकराबद्दल अवाक्षर नाही. असे तीन महिने गेले.

लेकरू गेल्यावर नवरा-बायकोचं काय होतं, त्यांच्याजवळ कोण बसतं, हे आधी कुणी लिहून ठेवलंय का म्हणून आम्ही शोधायला लागलो. आणि पहिल्यांदा हाती आली ती आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत असलेली गोष्ट. डॉक्टर आनंदीबाई जोशी.

गोष्ट आपण अशी ऐकतो. १८६५ साली जन्मलेली यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरी, बिजवर, वयाने खूप मोठे. लग्नात नाव बदलून आनंदी झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि औषधपाण्यावाचून दहा दिवसांत गेला. मग तिने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेली, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाली. ८ मार्चच्या कार्यक्रमात मुली ही गोष्ट सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो.

त्या टाळ्या योग्यच आहेत. पण त्यात ते दहा दिवसांचं बाळ एका वाक्यात येतं आणि जातं. जणू ते आईला डॉक्टर करण्यासाठीच आलं होतं! आपल्यातल्या ज्या बाळंत झाल्या आहेत त्यांनी जरा थांबून विचार करा. दहाव्या दिवशी बाळंतिणीचं अंग अजून ओलं असतं. पान्हा येतच राहतो. लेकरू गेलं हे छातीला कळत नाही. दूध साचून गाठी होतात, ताप भरतो, पदर भिजतो. हे सगळं चौदा वर्षांच्या त्या पोरीच्या अंगावरून गेलं असणारच. आणि बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणजे त्या बाळाला नाव ठेवायचा दिवसही उगवला नव्हता.

रीतही अशी की, म्हातारं माणूस गेलं तर सोयरेधायरे येतात, भाकरी घेऊन येतात, दहावं होतं, तेरावं होतं, घर भरलेलं राहतं. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला पुरतात, दिवस नाही की पाणी नाही. त्यामागे एक समजूत असेल, की आईबापांनी लवकर सावरावं. त्या काळी घरोघर लेकरं जायची. प्रत्येकाचं तेरावं घालत बसले असते तर माणसं कामाला कधी लागली असती? पण झालं असं की, ज्या दुःखाला दिवस नाहीत त्या दुःखाला कुणी भेटायलाही येत नाही. आलं तर आईपाशी येतं. बापाला तर कुणी विचारतही नाही.

आता गोपाळराव. हा माणूस समजायला अवघड आहे. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या काळात असा हट्ट धरणारा नवरा विरळाच. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छ, कलकत्ता, सेरामपूर अशा त्यांच्या बदल्या झाल्या. लोक हसले, दगड मारले, तरी शिकवणं सोडलं नाही. पण शिकवण्याची रीत माराची होती. हे आम्ही पदरचं सांगत नाही. पुढे अमेरिकेतून आनंदीबाईंनी स्वतः नवऱ्याला पत्रात लिहिलंय. दहाव्या वर्षी लाकडाने मारलं, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकली, सोडून जाईन म्हणून धमकावलं, चौदाव्या वर्षी आणखी वेगळ्या शिक्षा केल्या. आणि हेही लिहिलं की तुमचं वागणं बरं होतं की वाईट हे ठरवणं मला कठीण जातं, कारण परिणाम पाहिला तर चांगलाच दिसतो, पण त्या वयाच्या पोरीच्या अंगाला आणि मनाला ते सोसवणारं नव्हतं.

चौदाव्या वर्षी. म्हणजे बाळ झालं आणि गेलं तेच वय. ही दोन वाक्यं वेगवेगळ्या पानांवर असतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही. आम्ही ती शेजारी ठेवून वाचली तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही दोघं एकमेकांशी मोकळं बोलली ती पत्रांतून, आणि मध्ये समुद्र असताना. ती तिकडे, ते इकडे. घरात असताना बायकोने नवऱ्याला असं विचारायची सोय नव्हती. लांब गेल्यावर, शिकल्यावर, जवळ मायेचं माणूस मिळाल्यावर ती बोलू शकली.

ते मायेचं माणूस कोण, तेही ऐका. गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, बायकोला शिकवायचंय, मदत करा म्हणून. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत बसल्या असताना ते वाचलं आणि सरळ आनंदीबाईंना पत्र टाकलं. ना ओळख, ना पाळख. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. अमेरिकेत पोचल्यावर त्यांच्याच घरी राहिल्या. आनंदीबाई गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात, क्षयाने, बावीसही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर गोपाळरावांनी त्यांची रक्षा या मावशीकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती आहे. नवऱ्याला बायकोची रक्षा तिच्या मावशीकडे पाठवावीशी वाटली, यात आम्हाला गोपाळरावांची एक वेगळीच बाजू दिसते. जिवंतपणी ती कितपत दिसली असेल, देव जाणे.

त्याच दशकातलं दुसरं जोडपं राजकोटचं. मोहनदास गांधी आणि कस्तुरबा. १८८५ साली गांधीजींचे वडील गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत या दोघांचं पहिलं मूल जन्मलं आणि तीन-चार दिवसांत गेलं. दोघंही सोळा वर्षांची. गांधीजींनी आत्मचरित्रात हे लपवलेलं नाही. वडिलांच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, बायकोजवळ होतो, याची शरम त्यांनी लिहिली आणि त्या मुलाचं जाणंही त्या शरमेला जोडलं. म्हणजे बापाचं दुःख अपराध बनून बाहेर आलं. कस्तुरबांचं काय झालं, ते त्या पानावर नाही. आपल्या गटातही असंच दिसतं. बाप म्हणतो, मी वेळेवर गाडी केली असती तर. आई म्हणते, मी जड उचललं नसतं तर. दोघंही स्वतःला दोष देतात आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ, हा मलाच दोष देतोय, असा घेतात.

जुन्या काळी लेकरं जगत नाहीत म्हटलं की दोष बाईचा धरायचे आणि पुरुष सवत आणायचा. सटवाईने कपाळी लिहिलं ते बाळाच्या, पण फळ भोगायची आई. मुंबई इलाख्यात १९४६ च्या कायद्याने हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करायला बंदी आली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर झाली. कायद्याने सवत थांबली, बोलणी थांबली नाहीत. पायगुण हा शब्द अजून आमच्या बैठकीत येतो, हे तुम्ही वर ऐकलंच.

आता जरा लांब जाऊ. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात. आपला तिथे काही संबंध नाही, पण आम्हाला हवी ती गोष्ट तिथे सापडली.

१९६८ चा मे महिना. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एकाच वेळी दोन मुलगे शेवटच्या घटका मोजत होते. केनेथ लॉली आणि बिली हेंडरसन. केनेथला शाळेत जाताना गाडीने उडवलं होतं, बिली आजारी होता. थोड्या दिवसांच्या अंतराने दोघंही गेले. दवाखान्यात सायमन स्टीफन्स नावाचा एक तरुण पाद्री होता. रुग्णांना आणि नातेवाइकांना धीर देणं हेच त्याचं काम. त्याच्या लक्षात आलं की आपण कितीही बोललो तरी या आईबापांना खरा आधार वाटत नाही. केनेथच्या आईबापांनी बिलीच्या घरी फुलं पाठवली. बिलीच्या आईने आभार मानायला फोन केला. मग चौघं चहाला एकत्र बसली. दोन आया, दोन बाप. तिथे त्यांना पहिल्यांदा आपल्या मुलाचं नाव मोठ्याने घेता आलं. समोरच्याने तोंड फिरवलं नाही, विषय बदलला नाही, आता सावरा असं म्हटलं नाही.

त्या चौघांनी आणि त्या पाद्र्याने मिळून १९६९ च्या जानेवारीत आणखी काही आईबापांना बोलावून बैठक घेतली. त्यातून एक मंडळ उभं राहिलं. लेकरू गेलेले आईबाप दुसऱ्या तशाच आईबापांना भेटतात, एवढंच त्याचं काम. पुढे अमेरिकेत आणि इतर देशांत ते गेलं. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार पटली. पहिल्या चहालाच नवरे बरोबर होते. बायका आत आणि पुरुष ओट्यावर असं झालं नाही. नवऱ्याने दुसऱ्या बापाला रडताना पाहिलं आणि बायकोने आपल्या नवऱ्याला.

आणि ते जे आपल्याकडे म्हणतात, लेकरू गेलं की संसार मोडतो, ते तिकडेही म्हणत. १९७७ मध्ये हॅरिएट शिफ नावाच्या एका अमेरिकन आईने, जिचा स्वतःचा मुलगा गेला होता, पुस्तक लिहिलं. त्यात असं आलं की अशा शंभरातल्या नव्वद जोडप्यांचा संसार काही महिन्यांतच गंभीर अडचणीत येतो. अडचणीत येतो, एवढंच. लोकांच्या तोंडी जाता जाता त्याचं झालं, नव्वद टक्के घटस्फोट होतात. आधीच खचलेल्या माणसांना हे ऐकवायचे! शेवटी १९९९ साली त्याच मंडळाच्या अमेरिकेतल्या शाखेने पाहणी केली. मूल गेलं तेव्हा जे नवरा-बायको होते त्यातले ७२ टक्के अजून एकत्र होते. १६ टक्क्यांमध्ये जोडीदार वारला होता. घटस्फोट झाला होता तो १२ टक्क्यांचा. अमेरिकेत, जिथे घटस्फोट आपल्यासारखा अवघड नाही, तिथे ही गत.

म्हणजे आमच्या बैठकीत जी बोलली ती चुकली होती, आणि माना हलवणाऱ्या आम्हीही.

पण आकडा ऐकून आम्हाला पूर्ण समाधान झालं नाही. आपल्याकडे संसार कागदावर मोडतच नाही. कोयता मोडू देत नाही मुकादम. घर मोडू देत नाही भावकी. दोघं एकत्रच राहतात, पण तो दारूकडे वळतो, ती माहेरी जायचं नाव काढते, रात्री पाठ करून झोपतात, आणि घरातले म्हणतात, सगळं ठीक आहे. हे कुठल्याच पाहणीत येत नाही.

आणखी एक वळण घेतो आणि मग आमच्या कामाचं सांगतो. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९५ च्या सुमारास गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला सुरुवात केली. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ साली ते जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. त्याच धर्तीवर पुढे आपल्या आशाताई घरी यायला लागल्या. दिवस तुम्हाला पाठ असतील. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा, आणि घरीच बाळंतपण झालं तर पहिलाही. आनंदीबाईंच्या बाळाला हे मिळालं असतं तर दहाव्या दिवसाआधी कुणीतरी शिकलेली बाई दोन-तीनदा तरी त्याला वजनकाट्यावर घालून गेली असती.

फडावर मात्र या भेटी पोचत नाहीत. त्याबद्दल आम्ही दुसऱ्या कार्यक्रमात बोललोय, पुन्हाही बोलू. आजचा मुद्दा वेगळा. ते भेटींचे दिवस बाळासाठी आहेत. बाळ गेलं की पुढच्या दिवसांना त्या घरात बाळासाठी येण्यासारखं काही उरत नाही. वजन कुणाचं करणार? नेमकी तेव्हाच त्या घराला कुणीतरी ठरलेल्या दिवशी यायची सर्वांत जास्त गरज असते.

म्हणून आमच्या तीन गटांनी मिळून ठरवलं. ते भेटींचे दिवस आपण चालू ठेवायचे, आईबापांसाठी. दोघी जणी जायच्या, आणि त्यातली एक शक्यतो अशी, जिचं स्वतःचं लेकरू कधीतरी गेलंय. अशा आमच्यात किती आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हात वर करायला सांगितलं तर अकरा हात वर झाले, त्यातल्या दोघींचं तर शेजारणीलाही माहीत नव्हतं. बरोबर एखादा पुरुष न्यायचा, बापापाशी बसायला. यावरून खूप वाद झाला. पुरुष येणार का, आला तर बोलणार का? एक आजी म्हणाल्या, "बोलू नका म्हणावं. तंबाखू मळत बसला तरी चालेल, पण बसू दे." दुसरं होईल, देवाची मर्जी, आता सावरा, ही तीन वाक्यं कुणी उच्चारायची नाहीत, असंही ठरलं. दूध साचण्याचं मात्र विचारायचं, आणि नवऱ्यासमोर विचारायचं. कारण त्याला बऱ्याचदा ते ठाऊकच नसतं. ताप असेल, गाठ असेल तर दवाखान्यात न्यायचं. मारझोड दिसली तर ती दुःखापोटी आहे म्हणून झाकायची नाही. आनंदीबाईंच्या पत्रांनी आम्हाला एवढं तरी शिकवलं.

ज्या बाईपासून हे सुरू झालं, तिच्या घरी आम्ही उशिरा पोचलो, हंगामानंतर. तरी पहिली भेट तिसऱ्या दिवसाची धरून मोजायला लागलो. तिने आणि तिच्या नवऱ्याने विचारून सांगितलं की नाव न घेता बोललात तर चालेल, म्हणून सांगतोय. पहिल्या दोन भेटींत तो बाहेर बैलापाशीच होता. आमच्याबरोबर गेलेले एक भाऊ, ज्यांची मुलगी बारा वर्षांपूर्वी विहिरीत गेली, तेही बैलापाशी जाऊन उभे राहिले. तिसऱ्या भेटीला दोघं ओट्यावर येऊन बसले. बाई आतून म्हणाली, बारसं झालं असतं तर मी अमुक नाव ठेवणार होते. बाहेरून तो म्हणाला, मी दुसरंच धरलं होतं. मग ती बाहेर आली आणि कोणतं ते विचारायला लागली. आम्ही चहा अर्धा टाकून निघालो.

ती दोन्ही नावं त्यांची आहेत, ती इथे सांगत नाही. पुढची भेट येत्या गुरुवारी आहे, बाजार आटोपल्यावर. ज्यांना आपल्या गटात असं काही सुरू करायचंय त्यांनी बैठकीच्या दिवशी आमच्याकडे या. ते भेटींच्या दिवसांचं कोष्टक आम्ही वहीत उतरवून ठेवलंय, बघून लिहून घेता येईल.